नांगर, मीठ आणि कोकरू : ख्रिस्ती काव्यातील रूपकांविषयी

रूपक अलंकाराचे लक्षण विचारले असता आमच्या वरच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थी ते बिनचूक सांगतात. उपमेय आणि उपमान यांचा अभेद वर्णिलेला असला म्हणजे रूपक होते, हे सूत्र त्यांना मुखोद्गत असते आणि परीक्षकांचे त्याने समाधानही होते. परंतु सकाळच्या प्रार्थनेत आपण जे पद म्हटले त्यात ईश्वरास मेंढपाळ का म्हटले, आशेस नांगर का म्हटले, किंवा ख्रिस्तास कोकरू का म्हटले, असे त्याच विद्यार्थ्यांस विचारावे, तर वर्गात शांतता पसरते. लक्षण ठाऊक आहे, पण अर्थ हाती लागलेला नाही, अशी ही स्थिती होय. आणि आमच्या मते ती उपेक्षा करण्याजोगी नाही. जे शब्द मुले रोज मुखाने उच्चारतात ते त्यांच्या मनाशी काहीच बोलत नसतील, तर प्रार्थना आणि पाढे यांत भेद तो काय राहिला?

प्रस्तुत लेखात आम्हांस एकच गोष्ट प्रतिपादन करावयाची आहे. धर्मकाव्यातील रूपकाचा अर्थ वस्तूच्या नावात नसतो, तिच्या कामात असतो. ती वस्तू माणसाच्या कोणत्या उपयोगी पडते, हे ज्यास ठाऊक त्यासच रूपक उलगडते. या दृष्टीने पाहता पालघर, बोईसर व तारापूर या टापूतील मुले मोठी भाग्यवान आहेत. ज्या वस्तूंवर ख्रिस्ती काव्य उभे आहे, त्यांपैकी कित्येक त्यांच्या घराच्या अंगणात पडलेल्या आहेत. मात्र त्या वस्तू आणि ते काव्य यांची भेट कोणी घडवून दिली पाहिजे.

आपल्याकडील जुन्या साहित्यशास्त्रकारांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. लक्षणेचे त्यांचे ठरलेले उदाहरण म्हणजे गंगेवरील गवळीवाडा. प्रवाहावर वाडा उभा राहणे शक्य नाही. म्हणून मन सरळ अर्थ सोडून काठाकडे वळते, आणि वळताना गंगेचा शीतलपणा व पावित्र्य ही बरोबर घेऊन जाते. नुसते 'गंगेच्या काठी' म्हटले असते तर ही दुसरी प्राप्ती झाली नसती. तारापूर खाडीवर आहे, असे आपणही म्हणतोच. गाव पाण्यावर तरंगते अशी कोणाची समजूत होत नाही. उलट भरती, ओहोटी, होड्या आणि खारा वारा ही सारी त्या एका 'वर'मध्ये येऊन जातात. रूपकाचे कार्य असेच चालते. सरळ अर्थ अडतो, मन आजूबाजूस पाहू लागते, आणि जे अन्यथा सांगता आले नसते ते त्यास सापडते.

आता नांगराचेच उदाहरण घेऊ. 'इब्री लोकांस पत्र' या नव्या करारातील ग्रंथात आशेस जिवाचा नांगर म्हटले आहे. लूककृत शुभवर्तमानात नांगरास हात घालून मागे पाहणाऱ्या मनुष्याविषयी येशूचे प्रसिद्ध वचन आहे. मराठी बायबलात दोन्ही ठिकाणी शब्द एकच, नांगर. परंतु एक नांगर शेतातील आणि दुसरा गलबतावरील. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा पहिली ओळ वाचून गोंधळतो. आशा जीव नांगरून काढते असा काहीसा अर्थ तो लावतो. सातपाटीच्या कोळ्याचा मुलगा मात्र तत्काळ समजतो. नांगर टाकला म्हणजे होडी हलत नाही असे नाही. ती हलते, डुलते, लाटांबरोबर वरखालीही होते. पण वाहून जात नाही. शिवाय नांगर जेथे धरतो ती जागा पाण्याखाली असते आणि डोळ्यांस दिसत नाही. आशेविषयी याहून अधिक नेमके कोण काय सांगेल? रोमच्या भूमिगत दफनस्थानांत आद्य ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांच्या थडग्यांवर नांगराचे चित्र कोरून ठेवले, ते याच कारणासाठी. आणि मराठी भाषेने या दोन वस्तूंस एकच नाव ठेविले, यातही मौज आहे. एक नांगर पुढे जाण्यासाठी भूमीत रुततो, दुसरा जागेवर टिकून राहण्यासाठी रुतावा लागतो. रुतल्यावाचून दोघांचेही काम होत नाही.

दुसरी वस्तू मीठ. डोंगरावरील प्रवचनात येशूने आपल्या शिष्यांस पृथ्वीचे मीठ म्हटले आहे. याचा अर्थ विचारला तर 'मिठाने चव येते, तशी सज्जनांमुळे जगास चव येते' असे उत्तर पुष्कळदा मिळते. ते चूक नव्हे, पण अपुरे आहे. ज्या घरी मासळी खारवली जाते त्या घरच्या मुलीस मिठाचे दुसरे काम ठाऊक असते. उन्हाळ्याच्या दिवसांत मासा काही घटकांतच नासू लागतो. त्यास मीठ लागले की तो टिकतो. ज्या काळी बर्फाचे कारखाने नव्हते, त्या काळी गालील समुद्राच्या कोळ्यांना आणि आमच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना मिठाचा हाच मोठा आधार होता. तेव्हा मीठ व्हा म्हणजे नासाडी थांबवा, असाही त्या वचनाचा भाव आहे. आणखी एक गोष्ट मिठागरावर काम करणारा कोणीही सांगेल : मीठ ढिगात असते तोवर निरुपयोगी असते, ते उपयोगी पडते ते विरघळून. जे मूल हे जाणून ती ओळ म्हणेल, त्यास त्या ओळीने काहीतरी करावयास सांगितले आहे असे वाटल्यावाचून राहणार नाही.

येथवर जवळच्या वस्तू झाल्या. काही वस्तू मात्र दूरच्या आहेत. तेविसाव्या स्तोत्रातील मेंढपाळाचे चित्र जगभर गाइले जाते. पण आमच्या मुलांस मेंढपाळ नित्य दिसत नाही. देशावरचे धनगर पावसाळा सरल्यावर आपले कळप घेऊन घाट उतरतात, कोकणातील शेतांत मेंढ्या बसवितात आणि खताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घेतात, इतके जरी मुलांस सांगितले तरी चित्रात प्राण येऊ लागतो. त्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीने मला धीर येतो असा भाव आहे. काठी म्हटली की विद्यार्थ्यास मास्तरांची छडी आठवते, आणि छडीने धीर कसा येतो हे कोडे त्यास सुटत नाही. ती काठी मेंढरांवर उगारण्यासाठी नसून लांडग्यासाठी आहे, हे कळताच कोडे सुटते. मराठी मंडळ्यांत धर्मोपदेशकास 'पाळक' म्हणतात. इंग्रजीतील 'पास्टर' हा शब्द मुळात लॅटिन असून त्याचाही अर्थ मेंढपाळ असाच आहे. आणि बिशपांच्या हातातील वाकड्या टोकाचा दंड ही त्याच मेंढपाळाची काठी होय. रूपक कवितेतून निघून माणसांच्या नावांत व हातांत कसे येऊन बसते, त्याचे हे उदाहरण आहे.

द्राक्षवेलीचेही तसेच. योहानकृत शुभवर्तमानात येशू स्वतःस वेल आणि शिष्यांस फाटे म्हणतो, आणि फळ देणाऱ्या फाट्याचीही माळी छाटणी करतो असे सांगतो. फळ देणाऱ्यास का छाटावे, हे किनाऱ्यावरील मुलास उमगत नाही. नाशिकच्या बागाईतदारास विचारा. तो वेल वर्षातून दोनदा छाटतो. एकदा एप्रिलच्या सुमारास आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास. छाटली नाही तर वेल पानांनी माजते आणि घडांस मुकते. दुःख सोसणाऱ्या भक्तास हे रूपक जे सांगते, ते 'दुःखाने मनुष्य सुधारतो' या कोरड्या वाक्याने सांगता येत नाही. कारण त्या वाक्यात माळी नाही; छाटणाऱ्या हातास वेलीची चिंता आहे, ही गोष्टच त्यातून गळून जाते.

आता सर्वांत कठीण रूपकाकडे येऊ. ख्रिस्तास देवाचे कोकरू म्हणतात. मुलांस वाटते, कोकरू गरीब व निरुपद्रवी असते म्हणून. खरा अर्थ त्याहून फार खोल आहे. निर्गम या ग्रंथात मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोक सुटले त्या रात्रीचे वर्णन आहे. त्या रात्री प्रत्येक घरी कोकरू बळी दिले गेले आणि त्याच्या रक्ताची खूण दाराच्या चौकटीस लावली गेली. तेव्हा कोकरू म्हणजे दुसऱ्याच्या सुटकेसाठी गेलेला प्राण. हे समजावून सांगण्यासाठी पालघरच्या मुलांस दूर नेण्याचे कारण नाही. 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघर येथे गोळीबारात पाच जण धारातीर्थी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे हुतात्मा स्तंभ उभा आहे. 'हुतात्मा' हा शब्दच एक रूपक आहे. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने यज्ञातील आहुतीप्रमाणे स्वतःस अर्पण केले तो हुतात्मा. त्या स्तंभाजवळून जाताना कोणाच्या डोळ्यांपुढे समिधा किंवा तूप येत नाही. तरीसुद्धा त्या जागी 'मृत' हा शब्द घालून पाहावा, म्हणजे काय हरवले ते कळेल. 'देवाचे कोकरू' या दोन शब्दांत ख्रिस्ती मनुष्यास जे ऐकू येते, ते या जातीचे आहे. त्याचा धर्मविश्वास प्रत्येकाने स्वीकारावा असे आम्ही म्हणत नाही; त्याचे बोलणे प्रत्येकास कळावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

रूपकाविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो : देव मेंढपाळ नाही, वेल नाही, किल्ला नाही, मग असत्य का बोलावे? सरळ तत्त्व सांगावे. यास आमचे उत्तर असे की, उपमा एकदेशी असते हा आपल्याकडील जुना न्याय आहे, आणि चांगला कवी ती मर्यादा जाणूनच लिहितो. सेहेचाळिसाव्या स्तोत्रात देव हा आश्रयदुर्ग आहे. त्याच स्तोत्रावरून सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन लूथरने आपले दुर्गाचे प्रसिद्ध गीत रचिले. आमच्या तारापुरासही किल्ला आहे. पोर्तुगीजांचा तो बळकट किल्ला चिमाजी आप्पांच्या फौजेने 1739 साली घेतला. दगडी किल्ला पडतो, हे लूथरासही ठाऊक होते. म्हणूनच तो दुर्ग म्हणतो तेव्हा 'जो पडत नाही असा दुर्ग' हा शोध त्या शब्दातच चालू असतो. किल्ल्यासारखा, आणि तरीही किल्ल्यासारखा नाही, या दोन्ही गोष्टी मन एकदम धरून ठेवते. सरळ विधानास हे साधत नाही.

मर्यादेचे याहून सुंदर उदाहरण कोळ्यांचे आहे. येशू शिष्यांस माणसे धरणारे कोळी करीन असे म्हणतो. पण जाळ्यात आलेला मासा मरतो, आणि येथे तर माणसांस वाचवावयाचे आहे! लूकच्या मूळ ग्रीक ग्रंथात या ठिकाणी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ 'जिवंत धरणे' असा आहे. उपमा कोठे थांबते, हे लेखकाने एका शब्दात नोंदवून ठेविले आहे.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकास जातो. परदेशी चित्रे आपल्या मुलांस कळत नाहीत, तर ती सर्व काढून एतद्देशीय चित्रे घालावी, असे तो म्हणतो. यात तथ्य आहे, आणि ते मराठीतील थोर ख्रिस्ती कवींनी ओळखले होते. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते 1579 साली गोव्यास आले, आणि 1616 साली राचोल येथे त्यांचे क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात मराठी भाषेची थोरवी गाताना त्यांनी मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू अशी चित्रे घेतली आहेत. जन्मभूमीतील एकही फूल किंवा पाखरू त्यांनी तेथे आणिले नाही. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासही ते कचरले नाहीत. त्यांच्या श्रोत्यांचे कान पुराणांवर वाढलेले होते. त्या कानांस जे ओळखीचे, त्याच भांड्यात त्यांनी आपला नवा अर्थ ओतला.

तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हेच कार्य अभंगांत केले. त्यांचा जन्म 1861 चा आणि बाप्तिस्मा 1895 चा. तुकोबांच्या वाणीचे आपल्यावरील ऋण त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. ते ख्रिस्तास आई म्हणून हाक मारतात. वारकरी विठ्ठलास माउली म्हणतो, त्या सवयीतून हे आले यात शंका नाही. पण यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव आईप्रमाणे सांत्वन करतो असे वचन आहे, आणि पिलांस पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा येशूने स्वतःस दिली आहे. तेव्हा टिळकांनी परके चित्र ओढून आणून चिकटविले नाही. जे दोन्ही घरी आधीपासून होते, ते त्यांनी समोरासमोर आणून ठेविले. 1919 साली त्यांचे निधन झाले तेव्हा अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, हे वाचकांस विदित आहेच. 'उपासना संगीत' या संग्रहातील त्यांची पदे आजही महाराष्ट्रातील मंडळ्यांत गाइली जातात.

मग सरसकट सर्वच चित्रे बदलावी काय? आमच्या मते नाही. आणि कोठे बदलावे, कोठे बदलू नये, याची एक कसोटी सांगता येईल. जे चित्र केवळ वस्तूच्या उपयोगावर उभे आहे ते बदलून चालते. पालेस्टाइनमधील रोटीस मराठी भाषांतरकारांनी 'भाकर' म्हटले, ते यथायोग्य झाले. कारण तेथे अर्थ धान्याचा नसून रोजच्या भुकेचा आहे, आणि आमच्याकडील तांदळाच्या भाकरीने तो तंतोतंत भागतो. परंतु जे चित्र एखाद्या घडलेल्या इतिहासावर उभे आहे ते बदलू नये. कोकराच्या जागी दुसरा कोणताही प्राणी घातला तर मिसरमधील ती रात्र पुसली जाईल. तेथे शब्द राखावा आणि इतिहास शिकवावा. हुतात्मा स्तंभावरील शब्द उद्या कोणी सोपा करू म्हणेल तर आपण त्यास जे सांगू, तेच येथेही सांगावे लागेल.

काळाबरोबर काही रूपके मुकी होत चालली आहेत, ही मात्र खरी चिंतेची गोष्ट आहे. तारापूर येथे 1969 साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. आज आमच्या घरांत बटण दाबले की उजेड पडतो. दहा कुमारींच्या दाखल्यात पाच जणींनी दिव्यांबरोबर तेल घेतले आणि पाच जणींनी घेतले नाही. मध्यरात्री उसने मागता ते मिळाले नाही. तेल संपते, ते आधी भरून ठेवावे लागते, आणि शेजारणीच्या दिव्यातील तेलाने आपला दिवा जळत नाही, हे बटणाच्या दिव्याखाली वाढलेल्या मुलास कोठून कळावे? त्याच्या हाती एकदा पणती द्यावी, तेल मोजून घालावयास सांगावे, आणि ती विझेपर्यंत तेथे बसवावे. व्याख्यानाने जे होत नाही ते एवढ्याने होईल.

येथे पालकवर्गास दोन शब्द. आमच्यासारख्या शाळांत नाना धर्मांची मुले एकत्र बसतात, आणि ख्रिस्ती पदे शिकविण्याने आपल्या मुलाच्या श्रद्धेस बाध येईल काय, अशी शंका कित्येकांच्या मनात असते. ती रास्त आहे व तिचा अनादर करणे योग्य नव्हे. आमचे निवेदन इतकेच की, न समजता म्हटलेल्या पदाने कोणाचेच हित होत नाही. ख्रिस्ती मुलाचेही नाही. समजून म्हटलेल्या पदाने ख्रिस्ती मुलास आपला धर्म कळेल, आणि इतरांस शेजाऱ्याचे मन कळेल. ज्यास नांगराचे मर्म कळले, त्यास भवसागर आणि नौका यांवरील संतांचे अभंगही अधिक चांगले कळतील, यात आम्हांस संशय नाही.

म्हणून शिक्षकांस व वडीलधाऱ्यांस आमची सूचना अशी आहे की, कोणतेही पद पाठ करविण्यापूर्वी त्यातील प्रत्येक रूपकाविषयी मुलांस तीन प्रश्न विचारावे. ही वस्तू कोणाच्या हाती असते व ती काय काम करते? ती येथे कशाविषयी बोलते? आणि हे साम्य कोठे संपते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात न शोधता कोळीवाड्यात, मिठागरावर, शेतावर आणि स्वयंपाकघरात शोधावयास पाठवावे. ज्या आजोबांनी उभ्या जन्मात साहित्यशास्त्राचे नाव ऐकले नाही, पण हजारदा नांगर टाकला व उचलला, ते या विषयात आमचे गुरू आहेत. मुलांनी त्यांच्यापाशी बसावे, त्यांना विचारावे, आणि मग ते पद पुन्हा म्हणून पाहावे.